रोग, रोगकारक आणि परिस्थिती : खान्देशातील केळीच्या ‘हरण्या’ रोगाच्या संदर्भात मूलभूत संकल्पनांचे विवेचन

सारांश

रोग, रोगकारक, वाहक, लक्षण आणि साथ या संकल्पना परस्परांहून भिन्न असूनही व्यवहारात त्यांची सरमिसळ होते व त्यामुळे उपाययोजना चुकते. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पिकांची, विशेषतः केळीवरील ‘हरण्या’ या विषाणुजन्य रोगाची उदाहरणे घेऊन या संकल्पनांचे विवेचन केले आहे. रोगकारकाचे केवळ अस्तित्व म्हणजे रोग नव्हे. आश्रयी वनस्पती, रोगकारक व परिस्थिती यांच्या संबंधातून रोग निर्माण होतो आणि कारणाची निश्चिती हीच उपायाची पहिली पायरी ठरते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रोग, रोगकारक, आश्रयी वनस्पती, वाहक, रोगत्रिकोण, केळी, हरण्या, खान्देश.

१. प्रस्तावना

‘रोग’ हा शब्द दैनंदिन व्यवहारात अत्यंत सैलपणे वापरला जातो. खान्देशात कपाशीवर मावा आला तरी ‘रोग पडला’ असे म्हणतात, कपाशीची पाने लाल झाली तरी रोगच आणि केळीचा पोंगा सडला तरीही रोगच. बोलीला हा सैलपणा परवडतो, कारण पीक बिघडले एवढे सांगणे हाच तिचा हेतू असतो. उपाय योजताना मात्र तो परवडत नाही. वरील तिन्ही बिघाडांची कारणे तीन निरनिराळ्या प्रकारची आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही आणि न चालणाऱ्या उपायाचाही खर्च शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.

या प्रश्नाचे गांभीर्य जळगाव जिल्ह्याने अलीकडच्या काळात अनुभवले आहे. तापी खोऱ्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी देशभर परिचित असून जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातही हे पीक घेतले जाते. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल परिसरातील नव्या लागवडीवर काकडी मोझॅक विषाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. शेतकरी या रोगाला ‘हरण्या’ म्हणतात, तर कृषी खात्याच्या पत्रकांत तो ‘सीएमव्ही’ या नावाने येतो. अनेक शेतकऱ्यांना काही आठवड्यांपूर्वीच लावलेली रोपे उपटून बांधावर टाकावी लागली. त्यानंतर २०२२ सालीही या रोगाने पुन्हा डोके वर काढले. अशा प्रसंगी ‘यावर कोणते औषध फवारावे?’ हा पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर समजण्यासाठी रोगशास्त्राच्या काही मूलभूत संकल्पना स्पष्ट असणे आवश्यक आहे. वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांना त्या परिचित असल्या, तरी शेतीचे अर्थशास्त्र, भूगोल वा ग्रामीण समाजजीवन अभ्यासणाऱ्यांनाही पीकहानीचा विचार त्यांच्यावाचून करता येत नाही.

२. रोग म्हणजे काय?

वनस्पतीच्या पेशी व ऊतींच्या स्वाभाविक कार्यात एखाद्या कारकामुळे सातत्याने होत राहणारा आणि कालांतराने लक्षणांच्या रूपाने प्रकट होणारा बिघाड, अशी रोगाची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. या व्याख्येतील ‘सातत्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गारपिटीने केळीची पाने फाटतात, वादळाने झाडे मोडून पडतात. नुकसान मोठे असते, परंतु आघात क्षणात संपतो. त्यास ‘इजा’ म्हणावे. रोग ही घटना नसून प्रक्रिया आहे. ती सुरू होते, वाढते, स्थिरावते आणि पुष्कळदा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते.

बोंडअळी कपाशीची बोंडे खाते, तेव्हा ती ‘कीड’ असते. कीड प्रत्यक्ष खाऊन वा रस शोषून हानी करते. रोगकारक हा वनस्पतीच्या अंतर्गत कार्यव्यवस्थेत शिरून ती बिघडवतो. दोहोंमधील ही रेषा सर्वत्र स्पष्ट नसते. मावा ही रस शोषणारी कीड आहे, परंतु तोच मावा विषाणूचा वाहकही असतो. मावा कीड म्हणून करतो त्या हानीचे आणि वाहक म्हणून करतो त्या हानीचे प्रमाण, तसेच त्यांवरील उपाय अगदी भिन्न असतात. या मुद्द्याचा विचार पुढे केला आहे.

बिघाडामागे सजीव कारण असेलच असे नाही. कपाशीवरील ‘लाल्या’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. बोंडे भरण्याच्या काळात झाडाची अन्नद्रव्यांची गरज वाढते. नत्र व मॅग्नेशियम कमी पडले, जमिनीतील ओल घटली आणि त्यातच रात्रीचे तापमान उतरले, की पानांतील हरितद्रव्य कमी होऊन लाल रंगद्रव्य दिसू लागते. येथे बुरशी नाही, जीवाणू नाही आणि एका झाडाचा लाल्या शेजारच्या झाडाला लागतही नाही. म्हणून कृषिशास्त्रज्ञ त्यास ‘विकृती’ म्हणतात. केळीच्या बाबतीत खान्देशातील थंडी असेच कार्य करते. हिवाळ्यात तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याखाली गेले की केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, नवीन पाने एकमेकांजवळ येतात आणि निसवणीच्या वेळी घड खोडातच अडकून राहतो. शेतात उभे राहून पाहणाऱ्यास हे सर्व रोगासारखेच वाटते. परंतु ऊब वाढली की नवे पान निरोगी येते. कारण सजीव नसल्यामुळे त्याचा संसर्ग नाही आणि वाढही नाही.

यावरून निदानाचा पहिला प्रश्न निश्चित होतो : हा बिघाड पसरतो आहे काय, आणि पसरत असल्यास कोणत्या क्रमाने? संपूर्ण शेत एकाच वेळी पिवळे पडले तर कारण बहुधा हवामानात, पाण्यात वा जमिनीत असते. तुरळक झाडांपासून सुरुवात होऊन बिघाड दिवसेंदिवस वाढत गेला, तर सजीव वा संसर्गक्षम कारणाचा संशय घ्यावा लागतो.

३. रोगकारकांचे प्रमुख प्रकार

वनस्पतींत रोग उत्पन्न करणाऱ्या कारकांचे स्थूलमानाने पुढील वर्ग करता येतात. प्रत्येकाचे उदाहरण केळीतून घेतले आहे, जेणेकरून एकाच पिकावरील भिन्न कारणांची तुलना करता येईल.

(अ) बुरशी अथवा कवक : वनस्पतिरोगांत यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. बुरशीला हरितद्रव्य नसते. ती तंतूंच्या रूपाने वाढते आणि बीजाणूंच्या द्वारे पसरते. खान्देशात ‘करपा’ म्हणून ओळखला जाणारा सिगाटोका रोग बुरशीजन्य आहे. या रोगाची पहिली नोंद १९०२ साली जावा बेटावर झाली. नाव मात्र फिजी बेटांतील सिगाटोका खोऱ्यातील साथीवरून पडले. बुरशीचे बीजाणू वारा व पावसाच्या थेंबांबरोबर कोवळ्या पानावर येतात, पान ओले असताना रुजतात व पर्णरंध्रांवाटे आत शिरतात. प्रथम पिवळसर बारीक रेषा, नंतर मध्यभागी राखाडी असलेले लांबट ठिपके आणि शेवटी करपलेले पान असा क्रम असतो. पानांचे क्षेत्र घटल्याने घड भरत नाही व फळे अकाली पिकतात. याउलट ‘पनामा मर’ रोगाची बुरशी जमिनीतून मुळांवाटे शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते. तिचे जाड भित्तिकेचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतात.

(आ) जीवाणू : हे एकपेशीय असून जखमा वा नैसर्गिक छिद्रे यांतून प्रवेश करतात. केळीची कंदकुज हे त्याचे उदाहरण होय. निचरा नसलेल्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत कंद मऊ पडून सडतो, त्यास दुर्गंधी येते आणि झाड हलक्या धक्क्यानेही कोलमडते.

(इ) विषाणू : विषाणूला पेशी नसते. प्रथिनाच्या आवरणात बंदिस्त असलेले न्यूक्लिइक आम्ल एवढेच त्याचे स्वरूप. जिवंत पेशीबाहेर तो वाढत नाही. पेशीत शिरल्यावर मात्र तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. तंबाखूवरील मोझॅक रोगाच्या अभ्यासातून ही संकल्पना पुढे आली. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की यांनी जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून रोगट रस गाळला, तरीही त्याची रोगक्षमता टिकून राहिली. १८९८ साली हॉलंडमध्ये बाइयेरिंक यांनी हा जीवाणूंहून वेगळा, जिवंत पेशीतच वाढणारा कारक असल्याचे प्रतिपादन केले. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी तंबाखू मोझॅकचा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. हरण्याला कारणीभूत असलेल्या काकडी मोझॅक विषाणूचे वर्णन १९१६ साली प्रथम काकडीवर झाले. सुमारे २९ नॅनोमीटर व्यासाच्या या कणात आर.एन.ए. असून त्याचा जनुकसंच तीन भागांत विभागलेला असतो.

(ई) सूत्रकृमी व इतर : मुळांत बिळे करून राहणारे सूत्रकृमी केळीची मुळे पोखरतात व मुळांना झालेल्या जखमांतून बुरशीला वाट करून देतात. यांखेरीज पेशीभित्तिका नसलेले फायटोप्लाझ्मा आणि प्रथिनावरणही नसलेले व्हायरॉइड हे कारक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अनुक्रमे १९६७ व १९७१ साली, प्रकाशात आले.

हे वर्गीकरण अभ्यासक्रमातील एक प्रकरण म्हणून पाठ करण्याजोगे नाही. त्यास थेट व्यावहारिक अर्थ आहे. बुरशीनाशक हे बुरशीच्या पेशीतील विशिष्ट क्रियांवर आघात करते. ज्यास पेशीच नाही, त्या विषाणूवर ते कोठे आघात करणार? रोगग्रस्त केळीच्या झाडातील विषाणू नष्ट करून ते झाड बरे करील असे कोणतेही फवारणीचे औषध आज उपलब्ध नाही. हरण्यावर बुरशीनाशकाची फवारणी ही वाया जाते, ती औषध बनावट असल्यामुळे नव्हे, तर निदान चुकल्यामुळे.

४. लक्षणे आणि कारण : निश्चिती कशी होते?

रोगग्रस्त वनस्पतीने दाखविलेला बदल म्हणजे ‘लक्षण’ आणि रोगकारकाचे प्रत्यक्ष दिसणारे रूप म्हणजे ‘चिन्ह’. पान पिवळे पडणे हे लक्षण. पानावरील भुरीची पांढरी भुकटी हे चिन्ह, कारण ती भुकटी म्हणजेच बुरशी होय. विषाणूजन्य रोगात डोळ्यांना दिसणारे चिन्ह नसते, केवळ लक्षणे असतात. आणि लक्षणे फसवी असू शकतात.

हरण्यामध्ये कोवळ्या पानांवर शिरांना समांतर असे तुटक पिवळसर पट्टे दिसतात. पाने अरुंद, आखडलेली व कडांना लहरी असलेली येतात. झाड खुजे राहते. प्रादुर्भाव तीव्र असल्यास मधला पोंगा सडतो आणि झाड मरते. उशिरा प्रादुर्भाव झालेले झाड जगते, परंतु घड निसवत नाही वा वेडावाकडा निसवतो. यांतील पोंगा सडण्याचे लक्षण विशेष फसवे आहे. सडलेल्या पोंग्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन पोषक माध्यमावर ठेवला, तर त्यातून जीवाणू वा बुरशी निश्चितच वाढेल. यावरून हा रोग जीवाणूंमुळे झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुतः ते सूक्ष्मजीव मृत ऊतींवर मागाहून वाढलेले असतात. रोगाच्या ठिकाणी सापडणारा प्रत्येक जीव रोगाचा कर्ता नसतो.

हाच पेच सोडविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कार्यकारणाच्या कसोट्या निर्माण झाल्या. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्याने दुष्काळ पडला, तेव्हा सडलेल्या पानांवरील बुरशी हे सडण्याचे कारण की परिणाम, यावर विद्वानांत तीव्र मतभेद होते. जर्मन शास्त्रज्ञ अँटन दे बारी यांनी १८६० च्या दशकात निरोगी बटाट्यावर त्या बुरशीचे बीजाणू सोडून रोग निर्माण होतो, हे प्रयोगाने दाखविले. पुढे रॉबर्ट कॉख यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या अटी अशा : संशयित जीव रोग्यात नियमितपणे आढळला पाहिजे, तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून वाढवता आला पाहिजे, निरोगी जीवात सोडल्यावर तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे, आणि त्यातून पुन्हा तोच जीव मिळाला पाहिजे.

या अटींना मर्यादा आहेत आणि त्या प्रारंभीच लक्षात आल्या. कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीचा जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तथापि प्राण्यांत तो रोग उत्पन्न करणे त्यांना साधले नाही. विषाणूंच्या बाबतीत दुसरी अट शब्दशः पाळता येत नाही, कारण ते कृत्रिम माध्यमावर वाढत नाहीत. म्हणून तेथे कसोटीचे रूप बदलते : रोगट झाडावरील मावा निरोगी रोपावर सोडून रोग होतो काय हे पाहणे, तंबाखू वा चाकवताच्या प्रजातीतील सूचक वनस्पतींवर विशिष्ट ठिपके उमटतात काय हे तपासणे, आणि एलायझा व पी.सी.आर. या चाचण्यांनी विषाणूचे प्रथिन वा जनुकद्रव्य ओळखणे. केळीवरील या रोगाचे वर्णन १९३० साली ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात मॅगी यांनी केले, तर भारतातील प्रारंभीची नोंद तत्कालीन मुंबई राज्यातून एम. एन. कामत व एम. के. पटेल यांनी १९५१ साली केली. म्हणजे हरण्या हा खान्देशावर अचानक कोसळलेला अज्ञात रोग नाही. सात दशकांहून अधिक काळ ज्ञात असलेला रोग एखाद्याच वर्षी साथीचे रूप का धारण करतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर केवळ विषाणूच्या अभ्यासातून मिळत नाही.

५. रोगत्रिकोण

वनस्पतिरोगशास्त्रात ‘रोगत्रिकोण’ ही संकल्पना मध्यवर्ती मानली जाते. त्रिकोणाची एक बाजू रोगास बळी पडणारी आश्रयी वनस्पती, दुसरी रोगक्षम रोगकारक आणि तिसरी अनुकूल परिस्थिती. तिन्ही बाजू असतील तरच त्रिकोण पूर्ण होतो. एक बाजू आखूड झाली की रोगाचे क्षेत्रही घटते. खान्देशातील केळीला ही संकल्पना लावून पाहिल्यास पुढील चित्र स्पष्ट होते.

आश्रयी वनस्पती : बसराई, श्रीमंती आणि आज सर्वाधिक लावले जाणारे ग्रँड नैन हे सर्व वाण कॅव्हेंडिश गटातील आहेत. ही केळी बी धरत नाही. तिची अभिवृद्धी मुनव्यांपासून वा ऊतिसंवर्धनाने होते. त्यामुळे शेतातील झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी असतात. एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला शेजारचे हजारही पडू शकतात. १.५ मीटर × १.५ मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे ४४४४ झाडे बसतात. रोगाच्या दृष्टीने ती एकाच झाडाच्या ४४४४ प्रती होत. त्यातही ऊतिसंवर्धित रोपे लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, कोवळ्या अवस्थेत, या विषाणूला अधिक संवेदनशील असतात.

रोगकारक : काकडी मोझॅक विषाणूचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या आश्रयी वनस्पतींची विलक्षण व्याप्ती. एक हजाराहून अधिक वनस्पतींत तो राहू शकतो. काकडी, भोपळा, खरबूज ही वेलवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो आणि बांधावरील केन्यासारखी तणे ही त्याची आश्रयस्थाने होत. धुळे जिल्ह्यातून १९९८ साली वेगळ्या झालेल्या नंदुरबारचा परिसर तर मिरचीसाठीच प्रसिद्ध आहे. केळी उपटली तरी विषाणू परिसरातून जात नाही, याचे कारण हेच.

परिस्थिती : जून-जुलैतील ‘मृगबाग’ आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावला जाणारा ‘कांदेबाग’ असे केळी लागवडीचे दोन हंगाम खान्देशात रूढ आहेत; शिवाय पहिल्या पिकानंतर पिलबाग ठेवला जातो. परिणामी शिवारात बारमाही केळी उभी असते आणि रोगचक्रात खंड पडत नाही. मृगबागेची कोवळी रोपे शेतात असतानाच पावसाळी तण माजते, सभोवार कपाशी व मका वाढत असतो आणि त्यांवर मावा येतो. त्यात सलग पाऊस, ढगाळ हवा व उतरलेले तापमान यांची भर पडली की लक्षणे तीव्र होतात. उन्हाळ्यात खान्देशचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा मावा घटतो व लक्षणेही मंदावतात. साथीच्या वर्षी विषाणू नवा आलेला नसतो. तिन्ही बाजू एकाच वेळी जुळून आलेल्या असतात.

६. वाहक : त्रिकोणाला जोडणारा दुवा

विषाणू स्वतः चालत वा उडत नाही. काकडी मोझॅक विषाणूचे वहन माव्याच्या साठांहून अधिक जाती करतात व त्यांत कपाशीवरील मावा प्रमुख आहे. येथे वहनाची पद्धत जाणून घेणे अत्यावश्यक ठरते. केळीच्या ‘पर्णगुच्छ’ रोगाचा विषाणू केळीवरच वस्ती करणाऱ्या माव्याच्या शरीरात शिरतो व दीर्घकाळ राहतो. हे ‘स्थायी’ वहन होय. हरण्याचे वहन ‘अस्थायी’ आहे. माव्याने रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंद चव घेतली, तरी विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. तो मावा केळीवर उतरून पुन्हा काही सेकंद चव घेतो आणि संसर्ग होऊन जातो. कपाशीवरील माव्याला केळी रुचत नाही. तो तेथे थांबत नाही, पुढच्या झाडावर जातो. माव्यावरचा विषाणू काही तासांत निष्प्रभ होतो, पण तोवर अनेक झाडांची ‘चव’ घेऊन झालेली असते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, केळीवर मावा दिसत नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे. रोग पसरविणारा मावा पाहुण्यासारखा येऊन गेलेला असतो. दुसरा असा की, केळीवर फवारलेले कीटकनाशक माव्याला मारण्यापूर्वीच संसर्ग घडून जाऊ शकतो. म्हणून कीटकनाशकाचा उपयोग परिसरातील माव्याची एकूण संख्या घटविण्यापुरता मर्यादित आहे. केवळ त्यावर भिस्त ठेवून रोगट झाडे शेतात उभी ठेवणे म्हणजे उगम तसाच ठेवून ओघ अडविण्याचा प्रयत्न होय.

७. सुप्तावस्था आणि साथीचे गणित

संसर्ग आणि लक्षणे यांच्यामधील अवधीला परिपाक काळ म्हणतात. करप्याचा बीजाणू कोवळ्या पानात शिरतो, परंतु ठिपके स्पष्ट होईपर्यंत वर आणखी काही पाने आलेली असतात; म्हणून करपा नेहमी खालच्या पानांचा रोग वाटतो. हरण्यातही संसर्गानंतर काही काळ झाड निरोगी दिसते. अर्थात शेतात दिसणारी रोगट झाडे ही आज घडणाऱ्या संसर्गाची नव्हे, तर आधी घडून गेलेल्या संसर्गाची मोजदाद असते.

साथीच्या वाढीत प्रारंभीच्या उगमाचे महत्त्व किती, हे काल्पनिक आकडेमोडीने दाखविता येते. समजा, एका हेक्टरात प्रथम १० झाडे रोगट दिसली आणि त्यांची संख्या दर आठवड्याला दुप्पट होत गेली, तर पाच आठवड्यांनी ती ३२० होईल, म्हणजे एकूण ४४४४ झाडांच्या सुमारे ७ टक्के. पहिल्याच आठवड्यात १० पैकी ८ झाडे उपटली असती, तर त्याच वेगाने पाच आठवड्यांनी ६४ झाडे रोगट झाली असती. प्रत्यक्ष वाढ इतकी सरळ नसते आणि बाहेरून येणारा मावा हे गणित बिघडवितो; तथापि व्हान डेर प्लँक यांनी १९६३ साली साथींचे गणिती विवेचन करताना मांडलेले तत्त्व येथे स्पष्ट होते. उगम कमी करणे आणि प्रसाराचा वेग कमी करणे हे दोन स्वतंत्र उपाय असून दोहोंची सांगड घालावी लागते.

८. संकल्पनांवरून उपायांकडे

वनस्पतिरोग नियंत्रणाची चार तत्त्वे परंपरेने सांगितली जातात : प्रवेशबंदी, उच्चाटन, संरक्षण व प्रतिकारक्षमता. हरण्याच्या संदर्भात त्यांचा अर्थ असा :

(१) प्रवेशबंदी : लागवडीची रोपे विषाणूमुक्त असावीत. ऊतिसंवर्धनात मातृवृक्ष रोगट असल्यास एकाच वेळी हजारो रोगट रोपे तयार होतात; म्हणून मातृवृक्षाची विषाणू-चाचणी अनिवार्य ठरते. भारतात ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ साली अस्तित्वात आली. रोगट बागेतील मुनवे लागवडीस वापरू नयेत.

(२) उच्चाटन : लागवडीनंतर पहिले काही महिने दर चार-पाच दिवसांनी बागेची पाहणी करून लक्षणे दिसताच झाड कंदासह उपटून नष्ट करावे. बागेतील व बांधावरील तण काढावे.

(३) संरक्षण : केळीत व केळीलगत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो यांची लागवड टाळावी. परिसरातील माव्याची संख्या शिफारशीनुसार आटोक्यात ठेवावी.

(४) प्रतिकारक्षमता : कॅव्हेंडिश गटात या विषाणूला पुरेसा प्रतिकारक्षम असा लागवडीयोग्य वाण आज हाती नाही. त्यामुळे पहिल्या तीन तत्त्वांचा भार वाढतो.

हीच तत्त्वे अन्य रोगांना लावताना उत्तर बदलते. हरण्याचा विषाणू जिवंत पेशीबाहेर फार काळ टिकत नसल्याने, रोगट झाडे व तण काढून त्याच शेतात पुन्हा केळी घेता येते. पनामा मर रोगाची बुरशी मात्र जमिनीत टिकते. विसाव्या शतकाच्या मध्यास मध्य अमेरिकेतील ‘ग्रॉस मिशेल’ या वाणाच्या बागा तिने उद्ध्वस्त केल्या व त्यांची जागा कॅव्हेंडिशने घेतली. त्याच बुरशीचा ‘उष्णकटिबंधीय वंश ४’ कॅव्हेंडिशलाही मारतो आणि गेल्या दशकात तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. तेथून येणारा मुनवा, कंदाला चिकटलेली माती वा यंत्राच्या चाकांचा चिखल ही खान्देशासाठी हरण्याहूनही गंभीर बाब ठरू शकते, कारण त्या रोगात उपटणे हा उपाय पुरत नाही; तेथे प्रवेशबंदी हेच मुख्य तत्त्व राहते. लाल्यावर यांपैकी काहीच लागू पडत नाही. तेथे अन्नद्रव्ये व ओलाव्याचे व्यवस्थापन हाच उपाय होय.

उच्चाटनाचे तत्त्व शास्त्रदृष्ट्या सोपे असले तरी आर्थिकदृष्ट्या कठीण आहे. उपटलेल्या रोपाची किंमत एका शेतकऱ्याला सोसावी लागते, तर त्याचा लाभ संपूर्ण शिवाराला होतो. एकाने रोगट झाडे काढली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर पहिल्याचा त्याग निष्फळ ठरतो. म्हणून साथनियंत्रण हा वैयक्तिक निर्णयाचा विषय न राहता गावाच्या सामूहिक निर्णयाचा आणि नुकसानभरपाईच्या धोरणाचा विषय बनतो. रोगशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांची भेट याच ठिकाणी होते. जळगावचे केळी संशोधन केंद्र, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि या परिसरातील वरिष्ठ महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र व भूगोल विभाग यांना एकत्रित अभ्यासासाठी येथे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. रोग ही सातत्याने घडणारी प्रक्रिया असून इजा, कीड व विकृती यांपासून तिचा भेद करणे आवश्यक आहे. रोगाच्या जागी सूक्ष्मजीव सापडणे हा कारणाचा पुरावा नव्हे. कारण प्रयोगाने सिद्ध करावे लागते. रोगकारक परिसरात असूनही रोग नसू शकतो आणि आश्रयी वनस्पती, रोगकारक व परिस्थिती यांचा मेळ बसला की जुनाच रोग साथ बनतो. विषाणूजन्य रोगात झाड बरे करण्याचा मार्ग नसल्याने बाग वाचविण्यासाठी झाड गमवावे लागते.

‘कोणते औषध फवारावे?’ या प्रश्नाआधी ‘हे कशामुळे झाले आणि ते कसे पसरते?’ हा प्रश्न विचारला जाणे, एवढाच बदल खान्देशातील केळी उत्पादकाचा पुष्कळसा निरर्थक खर्च वाचवू शकेल. तो प्रश्न विचारण्याची सवय वर्गात लागते. रावेर, यावल, शिरपूरच्या महाविद्यालयांत बसणारे अनेक विद्यार्थी संध्याकाळी केळीच्याच बागेत परततात. त्यांना रोगत्रिकोण फळ्यावर शिकविताना त्याच्या तीन बाजूंना त्यांच्या शिवारातील नावे द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.